मधली बाटली

दसऱ्याच्या आधी आमच्याकडे घर कसं धुतात, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगून पटायचं नाही. घट बसायच्या आत घरातली प्रत्येक वस्तू पाण्याखालून जाते. गोधड्या नदीवर जातात, डबे रिकामे होऊन उन्हात पडतात, चुलीमागचा कोनाडासुद्धा सुटत नाही. म्हणून कुंभार पिंपळगावच्या शाळेत त्या दिवशी जे घडलं, त्यात केशरबाईचं चुकलं काय, असं मी आजही विचारते. तेव्हा मात्र विचारलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

साल चौऱ्याहत्तर. दहावीची नवी परीक्षा पहिल्यांदाच येऊ घातली होती आणि तिच्याबरोबर विज्ञानाचा नवा अभ्यासक्रमही. मी बेबीनंदा, बदनापूरची. नुकती बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवायला लागून पाच महिने झालेले. नोकरी अजून कायम व्हायची होती. स्वभाव तापट. गावात खोली शोधताना दर दारात आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग खोली नुकतीच दुसऱ्याला दिल्याचं कळलं, त्यामुळे जिभेला धार जरा जास्तच चढली होती. ती धार निघायची बिचाऱ्या केशरबाईवर.

केशरबाई आमच्या प्रयोगशाळेची शिपाई. धनगराची लेक आणि धनगराचीच सून, वय चाळिशीचं. दिवाळी झाली की तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ जायची. ही एकटी गावात राहायची, कारण ही नोकरी होती आणि तिची मुलगी आठवीत होती. नोकरी गेली असती तर तिलाही मेंढरांमागे जावं लागलं असतं आणि मुलीलाही. नोकरी तात्पुरती होती, पाच वर्षांपासून तात्पुरतीच.

घट बसायच्या दोन दिवस आधी मी प्रयोगशाळेत गेले, एका बाटलीवरून बोट फिरवलं आणि भडकले. "केशरबाई, दसरा आला! घरोघरी भांडी घासून लख्ख झाली, आणि आपल्या बाटल्यांवर बोटभर धूळ! घासून काढा सगळं!" हे माझे शब्द. एकही शब्द मी विसरलेले नाही.

तिने घासून काढलं. राख आणि नारळाची शेंडी घेऊन, विहिरीचं पाणी शेंदून, एकेक बाटली. बुचं मात्र उघडली नाहीत, एवढी ती हुशार. मी दुसऱ्या दिवशी आले तेव्हा व्हरांड्यात त्रेचाळीस बाटल्या ओळीने उन्हात बसल्या होत्या आणि अशा चमकत होत्या की डोळे दिपावेत. एकाही बाटलीवर नाव उरलं नव्हतं. कागदाच्या चिठ्ठ्यांचा लगदा बादलीत तरंगत होता.

मी बादलीतून एक चिठ्ठी उचलली, ती बोटांतच विरघळली.

हेडमास्तर अण्णासाहेब धावत आले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. आठवड्यावर तपासणी आली होती. औरंगाबादहून आबाराव साहेब प्रयोगशाळा पाहणार, त्यांनी होकार दिला तरच आमच्या मुलांची प्रात्यक्षिकं आमच्याच शाळेत होणार. "कुणी सांगितलं तुला हे उद्योग?" ते केशरबाईवर ओरडले.

"म्याच केलं," ती खाली मान घालून म्हणाली. "सणासुदीचं."

"कुणी सांगितलं, ते विचारतोय."

"कुनी न्हाई. माझ्याच मनानं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडून 'मी सांगितलं' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी म्हणाले नाही. माझ्या नोकरीचं वर्ष पुरं व्हायचं होतं, माझ्या बापाने बदनापूरच्या शेतकी फार्मवर रोजाने कुदळ मारून मला शिकवलं होतं, अशी कारणं मी मनात भराभर गोळा केली. कारणं सगळी खरी होती. मी तरीही भित्री होते.

"तपासणीच्या दिवशी एक जरी बाटली बिननावाची निघाली," अण्णासाहेब म्हणाले, "तर हिच्यावर ठपक्याचा कागद तयार ठेवतो मी, मग नोकरी गेलीच हिची. साहेबांसमोर कुणावर तरी जबाबदारी टाकावीच लागंल." आणि माझ्याकडे वळून, "बाई, साठ्याची वही हाये ना तुमच्याकडं? बघा काय होतं ते. जल्दी करा."

वही होती. त्रेचाळीस नावं तिच्यात ओळीने लिहिलेली. आणि समोर त्रेचाळीस अनाम बाटल्या. कुणाचं नाव काय, हे आता बाटल्यांनाच विचारायचं होतं.

सोपी होती ती पहिल्या दिवशीच लागली. मोरचूद निळं, हिराकस हिरवट, गंधक पिवळं, रॉकेलात बुडवलेला सोडियम. काळ्या काचेच्या छोट्या बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट तर केशरबाईनेच ओळखून दिलं, म्हणजे तिच्या बोटांनी. धुताना त्या बाटलीच्या गळ्याला लागलेलं तिच्या बोटांना लागलं होतं आणि बोटांवर काळे डाग पडले होते. घासून जाईनात. ती तेव्हापासून पदराखाली हात लपवत होती, देवाचा कोप झाला असं समजून. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की असेच डाग पडतात. मी ते पाहिले आणि आनंदाने ओरडलेच. तिला वाटलं, बाईला वेड लागलं.

मग उरल्या पांढऱ्या. पांढऱ्या भुकट्यांनी माझा जीव खाल्ला. रोज शाळा सुटली की दोन तास मी परीक्षानळ्या घेऊन बसायची. चाचण्यांसाठी स्वच्छ पाणी हवं, विहिरीचं चालत नाही. म्हणून केशरबाई गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी मागून आणायची आणि शेजारी उकिडवी बसून बघायची. सहाव्या दिवशी तीन बाटल्या राहिल्या. वहीत तीन नावं राहिली होती. पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम ब्रोमाइड, पोटॅशियम आयोडाइड. तिन्ही मिठासारखी पांढरी. तिन्हींत धातू एकच, पोटॅशियम. फरक फक्त त्याच्या जोडीदाराचा. एकात क्लोरीन, दुसऱ्यात ब्रोमीन, तिसऱ्यात आयोडीन. ओळखायला सिल्व्हर नायट्रेट लागतं आणि ते बाटलीच्या तळाशी जेमतेम उरलं होतं. मार्चच्या परीक्षेलाही तेच लागणार होतं.

मी डोकं धरून बसले. केशरबाई बाटल्या उचलून फळीवर ठेवायला लागली, आणि सहज म्हणाली, "ही हलकी. ही तिच्याहून जड. ही तर लईच जड."

"कमी-जास्त भरल्या असतील," मी तुटकपणे म्हणाले.

"न्हाई बाई. तिन्ही गळ्याबराबर भरल्या हायेत. बघा की."

मी पाहिलं. बाटल्या एकाच मापाच्या, भुकटी तिन्हींत गळ्यापर्यंत. मी एकेक हातात घेतली, मला काही फरक कळला नाही. "तुम्हाला कसं कळतं?"

"कोकरू उचललं की किती शेराचं हाये ते सांगते मी," ती म्हणाली. "लहानपनापासून हातच काटा झालाय. धुतानाच कळलं व्हतं, पन तुमाला काय सांगायचं त्यात."

माझा विश्वास बसला नाही. मी तिला पदर डोळ्यांवर ओढायला लावला, बाटल्यांची अदलाबदल केली आणि एकेक तिच्या हातात दिली. हलकी, मधली, जड. पुन्हा बदलल्या. तीनदा. तिन्ही वेळा बरोबर.

त्या क्षणी माझी नजर भिंतीवर गेली. तिथे आवर्त सारणीचा तक्ता टांगला होता, उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात मिळालेला. खरं सांगते, कॉलेजात यावरच्या प्रश्नाला मला बारापैकी अकरा गुण पडले होते आणि मला ओ की ठो कळलं नव्हतं. सगळं घोकलेलं. हा तक्ता म्हणजे माझ्या लेखी सरकारी कचेरीतल्या कपाटासारखा होता, कुणीतरी कप्पे पाडले आणि कागद कोंबले. आता मी उजवीकडच्या त्या एका उभ्या स्तंभाकडे बघत होते. वर क्लोरीन, त्याचा अणुभार साडेपस्तीस. त्याच्या खाली ब्रोमीन, ऐंशी. त्याच्या खाली आयोडीन, एकशे सत्तावीस.

हलकी, मधली, जड.

मी फळ्यावर वरचा आणि खालचा आकडा मिळवला आणि निम्मे केले. साधारण एक्क्याऐंशी. ब्रोमीन ऐंशी! मधला बरोबर मधे. कुणी बसवून दिल्यासारखा. मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. नावं लगदा होऊन बादलीत गेली होती आणि तरी या तिघी आपापल्या जागी जाऊन बसल्या होत्या, एका धनगरणीच्या तळहातावर.

"काय झालं बाई?" केशरबाईने घाबरून विचारलं.

मी तिला तक्त्यापाशी ओढतच नेलं. तिला वाचता येत नव्हतं, मी बोटाने दाखवलं. "हे तिघं एका घरचे. वरचा हलका, खालचा जड. आणि नुसतं वजन नाही. वरचा, क्लोरीन, नुसता वारा आहे, हिरवट पिवळा. मधला ब्रोमीन, पाण्यासारखा वाहतो, रंग लालसर तपकिरी. खालचा आयोडीन, त्याचा खडा होतो, जांभळट काळा. जसं खाली यावं तसं घट्ट होत जातं आणि गडद होत जातं."

तिने त्या तिघांवरून वरून खाली बोट फिरवलं. "उतरंडीवानी," ती म्हणाली. "जड मडकं खाली."

"तशीच."

"सगळ्या उतरंडी अशाच हायेत?" तिचं बोट आडवं सरकत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सगळ्या. प्रत्येकीची तऱ्हा वेगळी, पण खाली उतरताना पायरीपायरीनेच बदल होतो. एकदम कुठे उडी नाही."

"आन् ह्याच्या खाली कोन?" तिने आयोडीनखालच्या चौकोनावर बोट ठेवलं.

मी तो चौकोन कधी नीट पाहिलाही नव्हता, पण कॉलेजात घोकलेलं आठवलं. "अस्टेटिन," मी म्हणाले. "हा फार दुर्मिळ. साऱ्या पृथ्वीत मिळून मूठभरसुद्धा नसेल म्हणतात. आजवर कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही."

केशरबाईने क्षणभरच विचार केला. "खडाच असंल," ती म्हणाली. "आन् ह्याच्याहून काळा."

मी घरी जाऊन कॉलेजचं पुस्तक काढलं. एका ओळीत लिहिलं होतं, हे मूलद्रव्य काळसर घन असावं असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मी ती ओळ कितीदा वाचली, सांगता येणार नाही. मला रडू आलं आणि ते का आलं हेही तेव्हा कळत नव्हतं. जगात कुणी न पाहिलेली वस्तू कशी असेल, हे जिला वाचता येत नाही तिने उभ्या उभ्या सांगितलं होतं. कारण जग तसं बांधलेलंच होतं आणि आपण सगळे त्यातच डोळे मिटून वावरत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मन घट्ट करून हलकी आणि जड, अशा दोन्ही बाटल्यांची चाचणी केली. हलकीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकताच तळाशी पांढराशुभ्र साका बसला, तो क्लोराइडचा. जडमध्ये पिवळा, म्हणजे आयोडाइड. सिल्व्हर नायट्रेट आता हरभऱ्याएवढं उरलं. मधलीला मी हात लावला नाही. परीक्षेसाठी एवढं तरी हवं म्हणून नुसतीच चिठ्ठी चिकटवली, पोटॅशियम ब्रोमाइड, आणि वहीत समोर लिहिलं, 'अनुमानाने'.

आबाराव साहेब आले ते अकराच्या गाडीने. उंच, पांढऱ्या मिशा, हैदराबादला उर्दूतून रसायनशास्त्र शिकलेले. केशरबाईने बाटल्या धुतल्याचं अण्णासाहेबांनी त्यांना वाटेतच सांगून टाकलं होतं. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून त्यांनी बाटल्या पाहिल्या, मग वही मागितली. मी प्रत्येक बाटलीपुढे चाचणी लिहिली होती. बेचाळीस ओळी ते वाचत गेले. त्रेचाळिसावीवर बोट थांबलं.

"अनुमानाने?"

"हो साहेब."

"बाई, प्रयोगशाळा अनुमानावर चालत नसते. ही जर चुकीची निघाली, तर बाकीच्या बेचाळीसवर मी कसा भरवसा ठेवू? मला सगळ्या फेकून द्यायला सांगावं लागेल." आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली. "करा चाचणी."

"सिल्व्हर नायट्रेट एवढंच आहे साहेब. मार्चला मुलांना..."

"मार्चला मी पाठवीन. आज तुमची परीक्षा आहे."

अण्णासाहेबांच्या हातात घडी केलेला कागद होता. तो कशाचा, हे मला माहीत होतं. केशरबाई दाराशी उभी होती. मी बॅटरीच्या पाण्यात उरलेलं सिल्व्हर नायट्रेट विरघळवलं, दुसऱ्या नळीत मधल्या बाटलीतली चिमूट. ब्रोमाइडची चाचणी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. कॉलेजात त्या आठवड्यात बाटली रिकामी होती आणि आम्ही उत्तर वहीत उतरवून घेतलं होतं.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी सांगा काय येईल. बघून तर कुणीही सांगेल." आणि थोडे गमतीने दाराकडे वळले. "तुम्हीच धुतल्या ना या, केशरबाई? मग तुम्हीच सांगा."

अण्णासाहेब हसले. केशरबाई हसली नाही. ती दोन पावलं आत आली. "वरचं पांढरं आलं व्हतं," ती सावकाश म्हणाली, "खालचं पिवळं. ही मधली हाये. मेंढी याली की पयलं दूध येतं ना चिकाचं, त्या रंगाचं यील. बिलकुल पांढरं न्हाई, आन् पिवळं बी न्हाई."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी मला मान हलवून खूण केली.

मी थेंब टाकला.

नळीतलं पाणी निवळ होतं. थेंब पडला तिथे धुकं झालं, ते खाली उतरायला लागलं, दाटत गेलं. मी नळी खिडकीच्या उजेडात धरली. चिकाच्या दुधाचा रंग. फिकट, साईसारखा, पांढऱ्याच्या आणि पिवळ्याच्या अगदी मधला. अण्णासाहेबसुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"सुभानअल्ला," आबाराव साहेब हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तीस वर्षं मी हे बघतोय, दाखवतोय. असं कधी बघितलं नव्हतं."

माझ्या हातात ती नळी होती. केवढं हे खरं! याला कुणी विचारलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. विचारायच्या आधीच त्याचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते तसंच्या तसं आलं. असल्या वस्तूसमोर मी आठ दिवस खोटी उभी होते.

अण्णासाहेब भानावर आले. "साहेब, बाटल्यांचं झालं ते चांगलंच झालं," ते कागदाची घडी उलगडत म्हणाले, "पण बेशिस्त ती बेशिस्त. शाळेचं नुकसान होता होता राह्यलं. हा केशरबाईचा कागद. तुमचा शेरा झाला की..."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला होता. "बाटल्या घासायला मी सांगितलं होतं. धूळ बघून मी चिडले होते आणि सगळं घासून काढा म्हणाले. चिठ्ठ्या जपा, हे सांगायचं माझं काम होतं. अण्णासाहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. चूक माझी आहे."

साहेबांनी माझ्याकडे, मग नळीकडे पाहिलं. कागद घेतला, केशरबाईचं नाव खोडलं आणि वर माझं लिहिलं. "हे मला लिहावं लागेल, बाई," ते म्हणाले. "प्रयोगशाळेला होकार देतोय, तेही लिहितो. दोन्ही खरं आहे." मी सही केली. त्या कागदापायी माझी नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष लागलं आणि त्याबद्दल माझी कुणाकडेही तक्रार नाही.

साहेबांना गाडीत बसवून द्यायला अण्णासाहेब गेले. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच उरलो. मी केशरबाईच्या समोर जाऊन उभी राहिले. माफी मागायची सवय नव्हती मला.

"तुम्ही का नाही सांगितलं?" शेवटी मी उलट तिच्यावरच चिडल्यासारखं विचारलं. "दोनदा विचारलं त्यांनी तुम्हाला. मी सांगितलं होतं, हे तुम्हाला काय आठवत नव्हतं? नोकरी गेली असती तुमची. मुलगी मेंढरांमागं गेली असती."

"आठवत व्हतं की." तिने मधली बाटली उचलून फडक्याने पुसली, चिठ्ठीला धक्का न लावता. "पयल्या दिशी भेव वाटलं, म्हनून न्हाई बोलले. मोठ्या मानसांत आपुन कशाला बोलावं. मंग तुमी ते तक्त्यावरलं दाखवलं. तुमाला काढून टाकलं असतं बाई, तर म्होरलं मला कोन दाखवलं असतं?"